बर्लिनमध्ये शिकायला येताना: महिन्याचा नव्हे, वर्षाचा हिशेब मांडा

जर्मनीत शिकायला येणाऱ्या बहुतेक विद्यार्थ्यांच्या डोक्यात ९९२ हा आकडा पक्का बसलेला असतो. विद्यार्थी व्हिसासाठी श्पेर्कोंटो, म्हणजे रोखून ठेवलेले खाते, उघडावे लागते. १ सप्टेंबर २०२४ पासून या खात्यात वर्षासाठी ११,९०४ युरो भरावे लागतात आणि त्यातून दरमहा ९९२ युरो तुमच्या हाती येतात. त्यामुळे महिन्याला ९९२ युरोंत भागते असा समज होतो. मीही हा समज घेऊनच सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात बर्लिनला उतरलो होतो, खिशात ४०० युरो होते आणि पाचव्या आठवड्यापर्यंत श्पेर्कोंटोतला एकही युरो मला मिळाला नव्हता. एका वर्गमित्राने उसने दिलेल्या पैशांवर मी ते दिवस काढले.

हा ९९२ चा आकडा कुठून येतो ते आधी समजून घ्या. जर्मन सरकार आपल्या विद्यार्थ्यांना जे शिक्षणसाहाय्य देते त्याची ती कमाल मासिक रक्कम आहे. त्यात मूलभूत गरजांसाठी ४७५ युरो, घरभाड्यासाठी ३८० युरो आणि आरोग्य व शुश्रूषा विम्यासाठी १३७ युरो धरलेले आहेत. बर्लिनमध्ये ३८० युरोंत खोली मिळणे ही नशिबाची गोष्ट आहे, त्यामुळे हिशेब पहिल्याच ओळीत चुकतो. या रकमा बदलत असतात, म्हणून अर्ज करताना जर्मन दूतावासाच्या संकेतस्थळावरचा ताजा आकडा पाहूनच पैसे भरा.

१. पहिल्या सहा आठवड्यांचे अंदाजपत्रक वेगळे करा

पहिल्या महिन्यात येणारे खर्च नेहमीच्या महिन्यात पुन्हा येत नाहीत आणि ते सगळे एकदम येतात. विद्यापीठात नाव नोंदवताना सत्रशुल्क भरावे लागते. बर्लिनच्या सरकारी विद्यापीठांत ते साधारण ३०० युरो किंवा थोडे अधिक असते. बहुतेक अभ्यासक्रमांना शिकवणी शुल्क नसले तरी हे शुल्क दर सत्राला द्यावेच लागते. त्यानंतर पहिले भाडे, घरमालकाला अनामत, म्हणजे काउत्सिओन, गादी, भांडी, पांघरूण, विम्याचा पहिला हप्ता आणि निवास परवान्याचे सुमारे १०० युरो.

माझ्या स्वतःच्या वहीतले आकडे पूर्णांकात देतो: दोन महिन्यांच्या मूळ भाड्याइतकी अनामत ९०० युरो, पहिले भाडे ५५०, सत्रशुल्क ३३०, घरसामान २००, निवास परवाना १००, विमा १४५ आणि खाणेपिणे २५०. बेरीज २,४७५ युरो होते आणि त्या महिन्यात श्पेर्कोंटोतून फार तर ९९२ येतात. म्हणून श्पेर्कोंटोव्यतिरिक्त किमान २,००० युरो तुमच्या ताब्यात, लगेच वापरता येतील अशा रूपात असले पाहिजेत. यातले दोनशे-तीनशे रोख ठेवा, कारण लहान दुकानांत आणि उपाहारगृहांत आजही कार्ड घेतीलच अशी खात्री नसते.

अनामतीबद्दल एक कायदेशीर गोष्ट लक्षात ठेवा. जर्मन कायद्यानुसार घरमालकाला मूळ भाड्याच्या तिपटीपेक्षा जास्त अनामत मागता येत नाही आणि ती तीन समान मासिक हप्त्यांत देण्याचा भाडेकरूला अधिकार आहे. हे नम्रपणे मांडले तर अनेक घरमालक मान्य करतात. मला हे दुसऱ्या घराच्या वेळी कळले.

२. कागदांची साखळी तोडू नका, कारण पैसे तिच्या टोकाला आहेत

श्पेर्कोंटोतले पैसे मिळवण्यासाठी जर्मन चालू खाते लागते. ते उघडताना अनेक बँका पत्तानोंदणीचा दाखला मागतात. पत्तानोंदणीला, म्हणजे आन्मेल्डुंगला, घरमालकाने सही केलेले पत्र लागते आणि ते पत्र घर मिळाल्याशिवाय मिळत नाही. एक कडी अडकली की पुढचे सारे अडकते. माझे असेच झाले. मी घाईत जी तात्पुरती खोली घेतली होती तिथे पत्ता नोंदवता येणार नव्हता, आणि ही अट जाहिरातीच्या शेवटच्या ओळीत लिहिलेली होती.

म्हणून खोली पाहताना भाड्याच्याही आधी हे विचारा की इथे आन्मेल्डुंग करता येईल का. उत्तर नकारार्थी असेल तर ती खोली स्वस्त असूनही महाग पडते. कायद्याने घरात राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांत नोंदणी करायची असते आणि तिला शुल्क नाही. मात्र बर्लिनच्या ब्यूर्गरआम्टमध्ये, म्हणजे नागरिक कार्यालयात, भेटीची वेळ मिळवणे कठीण असते. तुम्ही राहता त्याच भागातल्या कार्यालयात जायला हवे असे नाही, शहरातले कोणतेही ब्यूर्गरआम्ट चालते. सकाळी लवकर संकेतस्थळ उघडून पाहिले तर रद्द झालेल्या वेळा सापडतात. पुढच्या तीन आठवड्यांत वेळ मिळत नसेल, तर मिळालेली वेळ घेऊन ठेवा आणि ती ठरल्याचा पुरावा जपून ठेवा.

या टप्प्यासाठी लागणारी कागदपत्रे:
- पारपत्र आणि त्यावरील व्हिसा
- घरमालकाने सही केलेले वोनुंग्सगेबरबेश्टेटिगुंग, म्हणजे तुम्ही तिथे राहत असल्याची खात्री देणारे पत्र. भाडेकरार याऐवजी चालत नाही
- पत्तानोंदणीचा भरलेला अर्ज
- विद्यापीठाचा प्रवेश किंवा नोंदणीचा दाखला
- श्पेर्कोंटो उघडल्याची पावती आणि पैसे चालू करण्याच्या सूचना
- आरोग्य विम्याचे प्रमाणपत्र

नोंदणीनंतर काही आठवड्यांत टपालाने तुमचा करक्रमांक येतो. पुढे नोकरी करायची असेल तर तो लागतो, म्हणून टपालपेटीवर तुमचे आडनाव चिकटवायला विसरू नका. नाव नसेल तर पोस्टमन पत्र परत नेतो.

३. खोली: सगळ्या हिशेबाचा कणा

बाकी सर्व ठिकाणी कितीही काटकसर केली तरी खोली चुकीची निवडली तर तोंडमिळवणी होत नाही, म्हणून सर्वांत जास्त वेळ इथे द्या. पर्याय मुख्यतः दोन आहेत. पहिला, श्टुडिरेंडनवेर्क बर्लिन या संस्थेची विद्यार्थी वसतिगृहे. तिथले भाडे साधारण अडीचशे ते चारशे युरोंच्या दरम्यान असते आणि त्यात वीज, पाणी, इंटरनेट बहुधा समाविष्ट असते. प्रतीक्षायादी लांब असते, त्यामुळे प्रवेशपत्र हातात येताच, व्हिसाची वाट न पाहता, अर्ज टाका आणि यादीतले स्थान टिकवण्यासाठी जे काही मधूनमधून कळवावे लागते ते कळवत राहा. दुसरा पर्याय वेगेचा, म्हणजे इतरांसोबत वाटून घेतलेल्या घरातली एक खोली. वेगे-गेझुख्टसारख्या संकेतस्थळांवर अशा खोल्या मिळतात आणि आज बर्लिनमध्ये त्यासाठी ५०० ते ७०० युरो मोजावे लागणे नेहमीचे आहे.

जाहिरातीतला आकडा वाचताना तो काल्टमीटे आहे की वार्ममीटे, हे पाहा. काल्टमीटे म्हणजे निव्वळ जागेचे भाडे. वार्ममीटेमध्ये घर गरम ठेवणे, पाणी, कचरा, जिन्याची सफाई असे खर्च धरलेले असतात. पण वीज आणि इंटरनेट त्यात असतीलच असे नाही. शिवाय वार्ममीटेतली गरम करण्याची रक्कम हा केवळ आगाऊ अंदाज असतो. वर्ष संपल्यावर घरमालक प्रत्यक्ष वापराचा हिशेब काढतो आणि फरक मागतो. हा हिशेब त्याला हिशेबी काळ संपल्यापासून बारा महिन्यांच्या आत द्यावा लागतो, त्यामुळे तुम्ही जानेवारीत वापरलेल्या उष्णतेचे बिल तुम्हाला पुढच्या वर्षाच्या हिवाळ्यातही मिळू शकते. पहिल्या थंडीत हीटर चालू ठेवून खिडकी तिरकी उघडी ठेवण्याची सवय मला एका बिलाने सोडायला लावली. दिवसातून दोन-तीन वेळा पाच मिनिटे खिडकी पूर्ण उघडून हवा बदलणे आणि त्या वेळी हीटर बंद ठेवणे हा इथला रिवाज आहे आणि तो खिशालाही मानवतो.

फसवणुकीच्या जाहिरातींची ओळख सोपी आहे. भाडे आजूबाजूच्यापेक्षा बरेच कमी, छायाचित्रे मासिकातल्यासारखी, मालक परदेशात अडकलेला, आणि किल्ली टपालाने येणार, फक्त आधी अनामत पाठवा. खोली पाहिल्याशिवाय, किंवा तुमच्या वतीने कोणी पाहिल्याशिवाय, एक युरोही पाठवू नका. परदेशातून ते शक्य नसेल तर पहिल्या महिन्यासाठी वसतिगृह किंवा नोंदणी करू देणारी तात्पुरती खोली घ्या आणि इथे आल्यावर शोधा. खोली ताब्यात घेताना भिंतींवरचे डाग, तुटलेले खिडकीचे हँडल, मीटरचे आकडे यांचे फोटो काढून दोघांच्या सह्यांचा कागद करा. घर सोडताना अनामत परत मिळते ती याच कागदाच्या जोरावर.

४. आरोग्य विमा: स्वस्तातला पर्याय नीट तपासा

तीस वर्षांखालील विद्यार्थ्याला सरकारमान्य आरोग्य विमा विद्यार्थी दराने मिळतो. विमा संस्थेनुसार तो आज महिन्याला साधारण १४० ते १५५ युरो पडतो. संस्थांमधला फरक फक्त त्यांच्या अतिरिक्त टक्केवारीचा असतो, म्हणून तुलना अवश्य करा. वयाची तेवीस वर्षे पूर्ण झाली आणि मूल नसेल तर शुश्रूषा विम्याचा हप्ता थोडा वाढतो, सुमारे पाच युरोंनी. हप्ता एकाएकी वाढलेला पाहून बँकेत धावणाऱ्यांपैकी मी एक होतो.

मोठा सापळा खासगी विम्याचा आहे. महिन्याला तीस-चाळीस युरोंत विमा मिळतो असे सांगणारे भेटतात. पण अभ्यासक्रमाच्या सुरुवातीला सरकारमान्य विम्यातून सूट घेतली की त्या अभ्यासक्रमाच्या काळात परत येता येत नाही आणि खासगी विम्याचे अपवाद तुम्हाला दवाखान्यात कळतात. माझे मत असे की हा वाचवण्याचा खर्च नाही. वय तीसच्या पुढे असेल तर मात्र विद्यार्थी दर मिळत नाही आणि हप्ता बराच मोठा होतो, म्हणून अशांनी येण्याआधीच वेगळा हिशेब मांडावा.

दुसऱ्याच्या वस्तूचे किंवा घराचे नुकसान झाले तर भरपाई देणारा हाफ्टप्फ्लिख्ट विमाही घ्या. महिन्याला पाच युरोंच्या आत मिळतो. इमारतीच्या मुख्य दाराची किल्ली हरवली आणि सगळ्यांची कुलुपे बदलावी लागली तर त्याचे बिल किती येते, हे शेजाऱ्याला विचारून पाहा. घेताना किल्ली हरवण्याची जोखीम त्यात आहे का, हे तेवढे वाचा.

५. महिन्याचा तक्ता

वेगेमध्ये तीन जणांसोबत राहणाऱ्या विद्यार्थ्याचा, उधळपट्टी नसलेला, असा महिना दिसतो:

- वार्ममीटे: ५५० युरो
- आरोग्य विमा: १४५
- किराणा: २००
- मेन्सा, म्हणजे विद्यापीठाचे भोजनालय: ५०
- मोबाइल: १०
- इंटरनेट आणि टीव्ही-रेडिओच्या प्रसारण शुल्काचा वाटा: १६
- सत्रशुल्काचा मासिक भाग: ५५
- हाफ्टप्फ्लिख्ट विमा: ५
- कपडे, साबण, औषधे, झेरॉक्स: ४०
- मोकळा खर्च: ५०
- वर्षातून एकदा येणाऱ्या खर्चांसाठी बाजूला: ५०

एकूण १,१७१ युरो. ९९२ पेक्षा १७९ जास्त, म्हणजे वर्षाला २,१४८ युरोंची तूट. हाच विद्यार्थी ३५० युरोंच्या वसतिगृहात गेला तर बेरीज ९७१ होते आणि २१ युरो उरतात.

तक्त्याच्या शेवटच्या ओळीवर थोडे थांबतो, कारण नवखे ती नेहमी गाळतात. घरगुती गॅस किंवा उष्णतेचा वर्षाअखेरचा फरक, परवान्याचे नूतनीकरण, हिवाळी जाकीट, चष्मा, फोनची मोडतोड हे खर्च महिन्याच्या तक्त्यात कुठेच दिसत नाहीत आणि म्हणून प्रत्येक वेळी आपत्ती वाटतात. सत्रशुल्कही तसेच. ते वर्षातून दोनदाच येते, पण भरायची मुदत चुकली तर दंड लागतो आणि फारच उशीर झाला तर नाव कमी होऊ शकते. दर महिन्याला ही रक्कम दुसऱ्या खात्यात वळती करा, म्हणजे ती खर्चायची इच्छा होत नाही.

सत्रशुल्कातला मोठा भाग प्रवासाच्या तिकिटाचा असतो. बर्लिनच्या मोठ्या विद्यापीठांत २०२४ च्या उन्हाळी सत्रापासून त्यात डॉइचलांड-सेमेस्टरतिकीट आले. त्यावर सबंध जर्मनीतल्या बस, ट्राम, मेट्रो आणि प्रादेशिक गाड्या चालतात, वेगवान इंटरसिटी गाड्या मात्र नाहीत. वेगळा पास विकत घेऊ नका. तिकीट फोनवर असते, त्यामुळे बॅटरी संपलेली असताना तपासनीस आला तर तुम्ही विनातिकीट ठरता आणि विनातिकीट प्रवासाचा दंड ६० युरो आहे.

६. रोजचे खाणे

आल्डी, लिडल, पेनी आणि नेट्टो या सवलतीच्या साखळी दुकानांत किराणा घ्या, आठवड्यातून एकदाच घ्या आणि यादी घेऊन जा. रविवारी जवळजवळ सगळी दुकाने बंद असतात. शनिवारी संध्याकाळी विसरलात तर रविवारी रेल्वे स्थानकातल्या दुकानात किंवा कोपऱ्यावरच्या श्पेटीत, म्हणजे उशिरापर्यंत उघड्या असणाऱ्या छोट्या दुकानात, तेच दूध बरेच महाग मिळते. ताज्या भाजीसाठी नॉयकोल्न भागात मायबाखउफर या कालव्याकाठच्या रस्त्यावर मंगळवारी आणि शुक्रवारी बाजार भरतो. तो उठायच्या सुमारास गेलात तर विक्रेते पेटीभर टोमॅटो किंवा आंबे अगदी थोडक्यात देतात. मात्र ते दोन दिवसांत संपवायचे आहेत, हे भान ठेवून घ्या. माझे निम्मे कुजले होते.

मेन्सात विद्यार्थी दराने जेवण घ्यायचे असेल तर विद्यार्थी ओळखपत्रावर तिथले कार्ड करून घ्या, नाहीतर पाहुण्यांचा दर लागतो. नळाचे पाणी पिण्यायोग्य असते, तेव्हा पाण्याच्या बाटल्या विकत घेण्याचे कारण नाही. एकदाच वापरायच्या प्लास्टिक बाटल्यांवर आणि पेयांच्या डब्यांवर २५ सेंट ठेव असते, ती दुकानातल्या यंत्रात परत केल्यावर मिळते.

७. खात्यातून आपोआप जाणारे पैसे

भाडे महिन्याच्या तिसऱ्या कामाच्या दिवसापर्यंत भरले पाहिजे. श्पेर्कोंटोतली रक्कम महिन्याच्या सुरुवातीला येते, पण सुट्टी आली तर एक-दोन दिवस लांबते. म्हणून चालू खात्यात एका भाड्याएवढी शिल्लक कायम ठेवा. विमा, फोन, वीज यांचे पैसे लास्टश्रिफ्टने, म्हणजे समोरच्या संस्थेने थेट तुमच्या खात्यातून, वळते होतात. शिल्लक नसेल तर व्यवहार परत जातो आणि त्यावर शुल्क लागते. संमती दिलेला व्यवहारही चुकीचा वाटला तर आठ आठवड्यांच्या आत बँकेकडून परत मागता येतो.

पत्तानोंदणीनंतर एक पत्र हमखास येते, प्रसारण शुल्काचे. टीव्ही-रेडिओ नसला तरी प्रत्येक घराला महिन्याला १८.३६ युरो द्यावे लागतात. पत्र जाहिरात समजून फेकून देणारे विद्यार्थी मी पाहिले आहेत आणि त्यांच्याकडे पुढे थकबाकी वाढत गेलेलीही पाहिली आहे. हे शुल्क माणशी नसून घरटी आहे. वेगेमध्ये कोणी आधीच भरत असेल तर त्याचा शुल्कखाते क्रमांक कळवून स्वतःची नोंद बंद करा आणि त्याला तुमचा वाटा द्या.

मोबाइलसाठी सुरुवातीला प्रीपेड सिम पुरे. चोवीस महिन्यांच्या करारावर ‘मोफत’ फोन मिळतो तेव्हा त्याची किंमत मासिक रकमेत लपलेली असते.

८. नोकरीतून तूट भरताना

वरच्या तक्त्यातली १७९ युरोंची तूट भरायला किमान वेतनाच्या दराने, म्हणजे २०२६ पासून तासाला १३.९० युरो, महिन्याला सुमारे १३ तास काम पुरते. युरोपीय संघाबाहेरच्या विद्यार्थ्याला वर्षात १४० पूर्ण दिवस किंवा २८० अर्धे दिवस काम करता येते आणि सत्र चालू असताना आठवड्याला २० तासांची मर्यादा पाळली तर विद्यार्थी विम्याचा दर टिकतो. मिनीजॉबची, म्हणजे कमी पगाराच्या छोट्या नोकरीची, मासिक मर्यादा २०२६ मध्ये ६०३ युरो आहे. स्वतंत्र व्यवसाय म्हणून, बिल देऊन, केलेले काम या १४० दिवसांच्या सवलतीत मोडत नाही, त्यासाठी परवानगी वेगळी घ्यावी लागते. काही डिलिव्हरी आणि शिकवणीच्या कामांत नेमके हेच पुढे केले जाते, तेव्हा सही करण्याआधी करारात ‘नोकरी’ लिहिले आहे का ते पाहा.

पण पहिल्या सत्रात पगार हिशेबात धरू नका. भाषा कच्ची असते, करक्रमांक आलेला नसतो आणि पहिला पगार काम सुरू केल्याच्या महिन्याअखेरीस किंवा त्यानंतर येतो.

९. परवाना वाढवण्याची तयारी

पहिल्या वर्षाचा परवाना संपायच्या वेळी परकीय नागरिक कार्यालय पुढच्या काळासाठी पुन्हा तेवढ्याच रकमेचा पुरावा मागते. दर महिन्याला मिळालेले ९९२ खर्चून बसलात तर त्या दिवशी खाते रिकामे असते. मुदतीच्या तीन महिने आधी अर्ज करा आणि त्यासोबत पगाराच्या चिठ्ठ्या, करार, खात्याचे उतारे, भाडेकरार, विम्याचे प्रमाणपत्र आणि अभ्यासाच्या प्रगतीचा दाखला जोडा. पगार नियमित असेल तर मागितलेल्या रकमेतला तेवढा भाग त्यातून भागतो आणि नव्या श्पेर्कोंटोत फरकच भरावा लागतो, म्हणून पगाराच्या चिठ्ठ्या पहिल्या महिन्यापासून एका फाइलमध्ये लावत जा.